फाउंटन ग्रास

फाउंटन ग्रास (शास्त्रीय नाव: सेंक्रस सेटेशियस, जुने परंतु रोपवाटिकांत अद्याप रूढ असलेले नाव: पेनिसेटम सेटेशियम) हे तृणकुलातील एक बहुवर्षायू व झुबक्याने वाढणारे शोभेचे गवत आहे. उत्तर व पूर्व आफ्रिकेतील कोरडा प्रदेश, अरबी द्वीपकल्प आणि पश्चिम आशिया हे त्याचे मूळ स्थान होय. कमी पाणी, निकस जमीन व प्रखर ऊन यांत तग धरण्याची क्षमता आणि कारंज्याप्रमाणे चोहोबाजूंनी झुकणारे गुलाबी-जांभळे तुरे यांमुळे विसाव्या शतकात उद्यानशोभेसाठी त्याचा जगभर प्रसार झाला. मात्र ज्या गुणांमुळे ते बागेत विनासायास वाढते, त्याच गुणांमुळे हवाई बेटे, अमेरिकेचा नैर्ऋत्य भाग, कॅनरी बेटे आणि दक्षिण आफ्रिका येथे ते आक्रमक तण ठरले आहे. म्हणून या गवताच्या लागवडीत झाडाची निगा आणि बियांचा बंदोबस्त या दोन्ही बाबींना सारखेच महत्त्व आहे.

## शास्त्रीय वर्गीकरण

सृष्टी: वनस्पती
गण: पोएलिस
कुल: पोएसी (तृणकुल)
उपकुल: पॅनिकॉइडी
प्रजाती: सेंक्रस
जाती: सेंक्रस सेटेशियस

## नाव व इतिहास

झुबक्याच्या मध्यातून वर उठून बाहेरच्या बाजूस वाकणारी पाती व तुरे कारंज्यातील पाण्याच्या धारांसारखे दिसतात, यावरून या गवतास फाउंटन ग्रास हे नाव पडले. महाराष्ट्रातील रोपवाटिकांतही हेच इंग्रजी नाव प्रचलित आहे. कॅनरी बेटांवर तुऱ्याच्या आकारावरून त्यास ‘राबो दे गातो’, म्हणजे मांजराचे शेपूट, असे म्हणतात.

या जातीचे पहिले शास्त्रीय वर्णन स्वीडिश निसर्गशास्त्रज्ञ पेर फोर्सकोल (१७३२–१७६३) यांच्या नावावर आहे. फोर्सकोल हे कार्ल लिनीयस यांचे शिष्य असून डेन्मार्कच्या राजाने पाठविलेल्या अरबस्तान मोहिमेत ते वनस्पतींचा अभ्यास करीत होते. १७६३ मध्ये येमेनमध्ये हिवतापाने त्यांचा मृत्यू झाला. मोहिमेतून जिवंत परतलेले एकमेव सदस्य कार्स्टेन नीबूर यांनी फोर्सकोल यांची टिपणे १७७५ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध केली. याच मोहिमेत नीबूर पुढे मुंबईस आले होते आणि घारापुरीच्या लेण्यांची रेखाटने त्यांनी केली होती. फोर्सकोल यांच्या ग्रंथात या गवताचे नाव ‘फॅलारिस सेटेशिया’ असे होते. इटालियन वनस्पतिशास्त्रज्ञ एमिलिओ किओवेंडा यांनी १९२३ मध्ये त्याचा समावेश पेनिसेटम या प्रजातीत केला. पुढे पेनिसेटम व सेंक्रस या प्रजातींमधील सीमारेषा टिकणारी नाही असे दिसून आल्यावर २०१० मध्ये अर्जेंटिनाचे ओस्वाल्दो मोरोने यांनी ही जाती सेंक्रस प्रजातीत हलविली.

पेनिसेटम हा शब्द पीस व राठ केस या अर्थांच्या दोन लॅटिन शब्दांपासून बनला आहे. सेटेशियस या जातिवाचक शब्दाचाही अर्थ ‘राठ केसांचा’ असाच आहे. सेंक्रस हे नाव भरडधान्यवाचक ग्रीक शब्दावरून आले आहे आणि ते सार्थ आहे, कारण बाजरी ही या गवताची जवळची नातलग होय. नव्या वर्गीकरणानुसार बाजरी, जनावरांच्या चाऱ्यासाठी लावले जाणारे नेपियर किंवा हत्ती गवत आणि कोरडवाहू कुरणांतील अंजन गवत या सर्वांचा समावेश सेंक्रस प्रजातीत होतो. बाजरीचे मूळ स्थानही आफ्रिकाच आहे.

## वर्णन

फाउंटन ग्रास साधारणपणे ५० ते १३० सेंटिमीटर उंच वाढते. त्यास जमिनीखाली दूरवर पसरणारी खोडे नसतात. बुंध्याजवळून निघणाऱ्या फुटव्यांमुळे दाट, गोलसर झुबका तयार होतो. पाती अरुंद, सामान्यतः १ ते ३ मिलिमीटर रुंद, लांब, कडक आणि कडांनी आतल्या बाजूस वळलेली असतात. हात फिरविल्यास ती किंचित खरबरीत लागतात. जुनी पाती वाळल्यावरही गळून न पडता बुंध्याशी साचून राहतात.

फुलोरा लांबट, दंडगोल व मऊ असून त्याची लांबी साधारणपणे ६ ते ३० सेंटिमीटर असते. प्रत्येक कणिशकाभोवती राठ केसांचे वलय असते. त्यांतील आतले केस तळाशी पिसासारखे मऊ असतात आणि एक केस इतरांपेक्षा ठळकपणे लांब असतो. कोवळा तुरा गुलाबी किंवा जांभळट दिसतो. पक्व होताना त्याचा रंग फिकट होत जातो व शेवटी तो गवती किंवा पांढुरका बनतो. बी पक्व झाल्यावर कणिशक केसांसह गळते, आणि हेच केस वाऱ्यावर वाहून जाण्यास त्यास साहाय्य करतात.

एका झाडाचे आयुष्य वीस वर्षांपर्यंत असू शकते. ही जाती बहुधा त्रिगुणित असून तिच्या पेशींत २७ गुणसूत्रे आढळतात. तिच्यात बीजनिर्मिती प्रामुख्याने फलनाशिवाय होते. या प्रक्रियेस अपोमिक्सिस म्हणतात. अशा बियांपासून उगवणारे रोप मातृवृक्षाची जनुकीय प्रतिकृतीच असते. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका जनुकीय अभ्यासात निरनिराळ्या खंडांतून गोळा केलेली झाडे एकाच जनुकीय रूपाची आढळली होती. फलनाची आवश्यकता नसल्यामुळे एकटे पडलेले झाडही नवी वसाहत निर्माण करू शकते.

## मूळ प्रदेश व अधिवास

इजिप्त, सुदान, इथिओपिया, सोमालिया, केनिया हे आफ्रिकेतील देश आणि येमेन, सौदी अरेबिया इत्यादी अरबी देश या गवताच्या मूळ प्रदेशात मोडतात. तेथे ते खडकाळ उतार, कोरडे ओढे, दगडगोट्यांची मैदाने व उघडी माळराने अशा ठिकाणी आढळते. पाऊस थोडा व अनियमित असल्यामुळे इतर वनस्पतींची दाटी तेथे नसते.

हे गवत ‘आफ्रिकी’ असले, तरी संपूर्ण आफ्रिका त्याचे घर नव्हे. खंडाच्या दक्षिण टोकाकडील प्रदेश त्याच्या नैसर्गिक विस्ताराबाहेर आहे. दक्षिण आफ्रिकेत ते शोभेसाठी नेण्यात आले आणि आज रस्त्यांच्या कडा, खाणींतील मातीचे ढिगारे व ओढ्यांचे काठ येथे परके तण म्हणून पसरलेले दिसते. एखादी वनस्पती स्थानिक आहे की नाही हे खंडाच्या नावावरून नव्हे, तर तिच्या नैसर्गिक विस्ताराच्या सीमेवरून ठरते, याचे हे चांगले उदाहरण आहे.

## दुष्काळ सहन करण्याची क्षमता

बाजरी, ज्वारी व ऊस यांच्याप्रमाणे फाउंटन ग्रासमध्ये सी-४ पद्धतीचे प्रकाशसंश्लेषण होते. या पद्धतीत पानातील रंध्रे कमी उघडी ठेवूनही कार्बन डायऑक्साइडचा पुरेसा उपयोग होतो. त्यामुळे तीव्र उन्हात व उष्ण हवेत तेवढ्याच वाढीसाठी पाणी कमी खर्च होते. अरुंद व आत वळलेल्या पात्यांमुळे बाष्पोच्छ्वास आणखी घटतो. तंतुमय मुळांचे दाट जाळे हलक्या पावसाचे पाणीही चटकन शोषून घेते.

पाण्याचा ताण फारच वाढल्यास वरची पाती वाळतात. तथापि जमिनीलगतचा बुंधा जिवंत राहतो आणि पाऊस पडताच त्यातून नवे फुटवे निघतात. आगीनंतरही ते याच प्रकारे पुन्हा फुटते. याशिवाय परिस्थितीनुसार स्वतःची उंची, पात्यांचा आकार व फुलोऱ्याचे प्रमाण बदलण्याची लवचीकता या जातीत आहे. हवाई बेटावर समुद्रकिनाऱ्यापासून सुमारे २,८०० मीटर उंचीपर्यंत ती आढळते, ती याच लवचीकतेमुळे.

## लागवड

### हवामान व जागा

या गवतास दिवसभर ऊन मिळणारी जागा मानवते. सावलीत झुबका विरळ होतो, पाती लोळतात आणि तुरे कमी येतात. उष्ण व कोरडे हवामान त्यास अनुकूल आहे. हिमतुषार पडणाऱ्या कडाक्याच्या थंडीत बुंधा मरतो. त्यामुळे थंड देशांत ते एका हंगामापुरते लावतात किंवा कुंडीत वाढवून हिवाळ्यात घरात घेतात.

### जमीन

मुरमाड, वाळूमिश्रित किंवा दगडगोट्यांची हलकी जमीन चालते. सुपीकतेपेक्षा निचऱ्याला अधिक महत्त्व आहे. पाणी साचून राहणाऱ्या जमिनीत मुळे कुजतात. भारी, चिकण मातीत लागवड करावयाची असल्यास जमिनीपासून उंच वाफा करून मातीत मुरूम किंवा जाड वाळू मिसळतात. खड्ड्यात थोडे कुजलेले शेणखत पुरेसे होते. जास्त खत दिल्यास पाती लांब व लुसलुशीत होऊन झुबका मधोमध उकलतो.

### अभिवृद्धी

मूळ जातीची अभिवृद्धी बियांपासून सहज होते. वाण टिकविण्यासाठी मात्र ठोंबांपासूनच लागवड करावी लागते. ठोंब काढण्यासाठी नवी वाढ सुरू होण्याच्या वेळी जुना झुबका मुळांसकट उपटतात व धारदार कुदळीने किंवा करवतीने त्याचे तुकडे करतात. प्रत्येक तुकड्यास काही जोमदार फुटवे व भरपूर मुळे असावीत. पात्यांचा वरचा भाग छाटून ठोंब लगेच लावतात, कारण उघड्यावर पडलेली मुळे लवकर सुकतात.

दोन झाडांमध्ये ६० ते ९० सेंटिमीटर अंतर ठेवतात. अंतर कमी ठेवल्यास झुबके एकमेकांत शिरून कारंज्याचा आकार नाहीसा होतो. बुंधा मातीत खोल पुरू नये. तो जमिनीच्या पातळीवर राहील अशा बेताने लावावा. कुंडीत लावताना किमान ३० सेंटिमीटर खोल व तळाशी छिद्रे असलेली कुंडी निवडावी.

## निगा

पाणी: दुष्काळ सहन करणारे गवत म्हणजे पहिल्या दिवसापासून पाणी न लागणारे गवत नव्हे. लागवडीनंतर पहिल्या हंगामात मुळे रुजेपर्यंत नियमित पाणी द्यावे लागते. दररोज थोडे पाणी शिंपडण्यापेक्षा काही दिवसांच्या अंतराने भरपूर पाणी दिल्यास मुळे खोल जातात. झाड स्थिरावल्यानंतर केवळ दीर्घ कोरड्या काळात अधूनमधून पाणी पुरते. कुंडीतील माती लवकर वाळत असल्याने कुंडीतील झाडास अधिक वेळा पाणी लागते.

छाटणी: वर्षातून एकदा, नवे फुटवे येण्यापूर्वी, संपूर्ण झुबका जमिनीपासून १० ते १५ सेंटिमीटर उंचीवर कापतात. झुबका आधी सुतळीने बांधून घेतल्यास कापलेले गवत विखुरत नाही. वाळलेली पाती साचू दिल्यास झाड विद्रूप दिसते आणि आगीचा धोका वाढतो.

तुरे काढणे: बीजधारणा करणाऱ्या झाडांच्या बाबतीत हे सर्वांत महत्त्वाचे काम आहे. तुऱ्याचा गुलाबी रंग उतरू लागताच, म्हणजे बी गळण्यापूर्वीच, तो दांड्यासह कापतात. कापलेले तुरे कंपोस्टच्या खड्ड्यात किंवा रस्त्याच्या कडेला न टाकता पिशवीत बंद करून त्यांची विल्हेवाट लावतात. फुलदाणीत सजावटीसाठी ठेवलेल्या वाळलेल्या तुऱ्यांतूनही बी पसरू शकते.

विभाजन: काही वर्षांनी झुबक्याचा मधला भाग वाळून बाहेरच्या कडेलाच हिरवे फुटवे राहतात. अशा वेळी झुबका उपटून, मधला मृत भाग टाकून देऊन कडेचे ठोंब पुन्हा लावतात.

कीड व रोग: या गवतावर गंभीर कीड सहसा पडत नाही. क्वचित पात्यांवर तांबेरा दिसतो. तो आढळल्यास रोगट पाती काढून झुबक्यात हवा खेळती ठेवणे पुरेसे ठरते. पाणी साचल्याने होणारी मुळांची कूज हेच झाड मरण्याचे नेहमीचे कारण आहे.

## वाण

‘रुब्रम’ हा गर्द जांभळ्या-तांबूस पात्यांचा वाण सर्वाधिक लोकप्रिय आहे. तो दीर्घकाळ फाउंटन ग्रासचाच एक प्रकार मानला जात असे. पुढील अभ्यासानंतर मात्र तो सेंक्रस अॅडव्हेना या वेगळ्या गटात गणला जातो. ‘रुब्रम’मध्ये सक्षम बी जवळजवळ तयार होत नाही, त्यामुळे त्याची अभिवृद्धी ठोंबांपासूनच केली जाते. ‘फायरवर्क्स’ हा त्याच्यापासून मिळालेला, पात्यांवर गुलाबी पट्टे असलेला वाण आहे.

हिरव्या पात्यांचे मूळ रूप आणि जांभळा ‘रुब्रम’ हे दोन्ही बाजारात ‘फाउंटन ग्रास’ याच नावाने विकले जातात. पहिले मुबलक बी टाकते, तर दुसरे जवळपास वंध्य असते. खरेदी करताना हा भेद लक्षात घेणे आवश्यक आहे.

## सदृश जाती

* दीनानाथ गवत (सेंक्रस पेडिसेलॅटस): मूळचे आफ्रिकेतील आणि भारतात चारा म्हणून लावले जाणारे वर्षायू गवत. पाती रुंद व सपाट असतात, तुरे लोकरीसारखे मऊ असतात.
* पांढऱ्या तुऱ्याचे फेदरटॉप (सेंक्रस लाँगिसेटस): ईशान्य आफ्रिका व अरबस्तानातील गवत. तुरे आखूड, फुगीर व पांढरे असतात.
* चिनी फाउंटन ग्रास (सेंक्रस अॅलोपेक्युरॉइडिस): मूळचे प्रामुख्याने पूर्व आशियातील. थंडी अधिक सहन करते.
* नेटाल गवत (मेलिनिस रेपेन्स): आफ्रिकी मूळ असलेले, लालसर-गुलाबी विरळ तुऱ्यांचे गवत. दख्खनच्या पठारावर रस्त्यांच्या कडेला ते आपोआप वाढलेले आढळते.

## आक्रमकता

### हवाई बेटे

हवाई बेटांवर फाउंटन ग्रास विसाव्या शतकाच्या प्रारंभी शोभेसाठी आणले गेले. सर्वांत मोठ्या बेटाच्या कोरड्या पश्चिम भागातील लाव्हारसाच्या खडकांवर ते विस्तीर्ण क्षेत्रात पसरले. या खडकांवर पूर्वी वनस्पतींचे आच्छादन तुटक होते. त्यामुळे एका ठिकाणी लागलेली आग फार दूर जात नसे. गवताने मोकळ्या जागा भरून टाकल्यावर आगीस सलग इंधन मिळू लागले.

यातून निर्माण होणारे चक्र असे असते: बुंध्याशी साचलेली वाळलेली पाती पेट घेतात. आगीत स्थानिक झाडे-झुडपे मरतात. गवत मात्र बुंध्यातून पुन्हा फुटते आणि रिकाम्या झालेल्या जागेत बी रुजवून अधिक दाट होते. पुढची आग आणखी मोठी असते. गवत व आग यांच्या या परस्परपोषक चक्राकडे कार्ला डी’अँटोनिओ व पीटर व्हिटूसेक यांनी १९९२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या लेखामुळे शास्त्रज्ञांचे विशेष लक्ष वेधले गेले. हवाईतील उष्ण कटिबंधीय कोरडी वने या चक्रामुळे संकटात सापडली आहेत. काउपुलेहू येथील संरक्षित वनात गवत काढून टाकून स्थानिक वृक्षांच्या पुनरुज्जीवनाचे काम करण्यात आले आहे.

हवाईत ज्या स्थानिक समजल्या जाणाऱ्या गवताची जागा फाउंटन ग्रासने बऱ्याच ठिकाणी घेतली, ते ‘पिली’ गवत म्हणजे महाराष्ट्रातील माळरानांवर वाढणारे कुसळी गवतच (हेटेरोपोगॉन कंटॉर्टस) होय. हवाईतील पारंपरिक घरे पूर्वी या गवताने शाकारली जात.

### अमेरिकेचा नैर्ऋत्य भाग

ॲरिझोना राज्यात विसाव्या शतकाच्या मध्यास लावलेले हे गवत बागांतून सोनोरन वाळवंटातील दऱ्या व खडकाळ उतारांवर पोहोचले. सग्वारो हा तेथील प्रसिद्ध स्तंभाकार निवडुंग आगीस तोंड देण्यास समर्थ नाही. फाउंटन ग्रास आणि त्याचे भाऊबंद असलेले अंजन गवत यांच्यामुळे या वाळवंटात पूर्वी क्वचित लागणाऱ्या आगींचा धोका वाढला आहे.

### कॅनरी बेटे व युरोप

स्पेनच्या अखत्यारीतील कॅनरी बेटांवर हे गवत रस्ते व ओढ्यांच्या मार्गाने डोंगरउतारांवर पसरले आहे. युरोपीय महासंघाने २ ऑगस्ट २०१७ पासून पेनिसेटम सेटेशियमचा समावेश चिंताजनक आक्रमक परकीय जातींच्या यादीत केला. त्यानुसार सदस्य देशांत त्याची आयात, विक्री, लागवड व निसर्गात सोडणे यांवर बंदी आहे.

### दक्षिण आफ्रिका

दक्षिण आफ्रिकेच्या आक्रमक परकीय जातींसंबंधीच्या नियमांत फाउंटन ग्रासचा समावेश ‘१ ब’ या वर्गात आहे. या वर्गातील वनस्पतींची विक्री व लागवड करता येत नाही आणि जागेच्या मालकास त्यांचे नियंत्रण करावे लागते. तेथील बागांत पर्याय म्हणून दक्षिण आफ्रिकेतील स्थानिक गवते लावता येतात. गुलाबी तुऱ्यांचे व निळसर पात्यांचे मेलिनिस नर्विग्लुमिस आणि ‘रूइग्रास’ म्हणून ओळखले जाणारे थेमेडा ट्रायअँड्रा ही दोन्ही गवते कमी पाण्यावर वाढतात. यांपैकी थेमेडा ट्रायअँड्रा भारतातही नैसर्गिकरीत्या आढळते.

## प्रसार व नियंत्रण

बियांचा प्रसार मुख्यतः वाऱ्याने होतो. वाहते पाणी, जनावरांचे केस, माणसांचे कपडे व वाहनांची चाके यांबरोबरही बी दूर जाते. रस्त्यांच्या कडेने गवताच्या रांगा दिसतात, त्याचे हे एक कारण आहे. मातीतील बी सहा-सात वर्षे उगवणक्षम राहू शकते. त्यामुळे एकदा गवत उपटून काम संपत नाही. त्या जागेवर अनेक वर्षे लक्ष ठेवावे लागते.

विखुरलेली झाडे तुरे येण्यापूर्वी कुदळीने बुंध्यासह खणून काढणे हा सर्वांत खात्रीचा उपाय आहे. नुसते विळ्याने कापल्यास किंवा जाळल्यास झाड पुन्हा फुटते. तुरे आलेले असल्यास ते आधी कापून पिशवीत भरावेत व नंतर झाड उपटावे. विस्तीर्ण क्षेत्रात प्रशिक्षित कर्मचाऱ्यांकडून तणनाशकाचा वापर केला जातो. चराईने या गवताचे नियंत्रण होत नाही, कारण जून झालेली राठ पाती गुरे सहसा खात नाहीत. रिकाम्या झालेल्या जागेत स्थानिक वनस्पती न लावल्यास तेच गवत किंवा दुसरे तण ती जागा व्यापते.

## महाराष्ट्रातील लागवड

महाराष्ट्रातील शहरांत रस्त्यांचे दुभाजक, गृहसंकुले व उपाहारगृहांची आवारे येथे शोभेची गवते लावण्याची पद्धत अलीकडे वाढली असून त्यांत फाउंटन ग्रासचे हिरवे व जांभळे असे दोन्ही प्रकार दिसतात. पावसाळ्याच्या प्रारंभी लावलेले ठोंब पावसाच्या पाण्यावरच रुजतात. काळ्या, भारी जमिनीत व कोकणातील मुसळधार पावसात मात्र निचऱ्याची विशेष काळजी घ्यावी लागते. वार्षिक छाटणी हिवाळा संपल्यावर केल्यास उन्हाळ्यात वाळलेल्या पात्यांचा साठा राहत नाही.

दख्खनच्या पठारावरील कमी पावसाचे, मुरमाड माळरान या गवताच्या मूळ अधिवासाशी मिळतेजुळते आहे. माळढोक, लांडगा, काळवीट यांसारखे प्राणी अशाच गवताळ प्रदेशांवर अवलंबून असतात. एखादी वनस्पती शोभेसाठी आणली जाऊन पुढे रानात कशी पसरते, याचे उदाहरण घाणेरीच्या रूपाने महाराष्ट्रासमोर आहेच. या दृष्टीने माळरानाजवळील बागांत बीजधारणा करणारे हिरवे फाउंटन ग्रास टाळणे, शहरी बागांत वंध्य ‘रुब्रम’ ठोंबांपासून लावणे आणि हिरवे झाड आधीच लावलेले असल्यास बी गळण्यापूर्वी तुरे कापणे हे इष्ट ठरते.

झुबक्याने वाढणाऱ्या गवताची शोभा हवी असल्यास वाळा हा स्थानिक पर्याय उपलब्ध आहे. तो ऊन व पाण्याचा ताण सहन करतो, त्याची मुळे उतारावरील माती घट्ट धरून ठेवतात आणि सुगंधी मुळांमुळे त्याचा घरगुती उपयोगही होतो. गवती चहाचा झुबकाही बागेच्या कडेस शोभून दिसतो.